तुम्ही विचारलंत म्हणून: सुटीच्या दिवशी मुंबई कशी बघायची?

जून-जुलैत प्रवेश पार पडले की ओळखीतून फोन येऊ लागतात. कुणाची मुलगी परभणीहून निघालेली असते, कुणाचा भाचा चिपळूणहून. मुंबईत कॉलेज मिळालेलं असतं, हॉस्टेलची खोलीही. मग हमखास विचारलं जातं, "तुम्ही हॉस्टेलची मुलं शनिवार-रविवारी सगळी मुंबई पालथी घालायचात ना? आम्ही काय काय बघायचं, यादी द्याल?"

यादी देऊन उपयोग होत नाही असं माझं मत आहे. गेटवे, राणीची बाग, जुहू चौपाटी कुणी न सांगताही बघून होतात. मी सांगते ते असं : मुंबईत जिथे पूर्वी समुद्र होता त्या जागा शोधत चाला. आणि चालताना सोबत वेगवेगळ्या गावांहून आलेले वर्गमित्र असू द्या.

सात बेटं शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असतात. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. पण त्यांच्या मधलं पाणी कुठे गेलं, हे रस्त्यावर उतरल्याशिवाय कळत नाही. म्हणून सुरुवात महालक्ष्मी स्टेशनपासून करा. रेसकोर्स उजव्या हाताला ठेवून हाजी अलीपर्यंत चालत जा आणि तिथून वरळीकडे वळा. हा लाला लजपतराय मार्ग म्हणजे जुना हॉर्नबी वेलार्ड. मुंबई आणि वरळी या बेटांमध्ये खिंडार होतं. भरतीचं पाणी तिथून आत शिरायचं आणि भायखळ्यापर्यंतची सखल जमीन पाण्याखाली जायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस, गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात, ते खिंडार बांध घालून बुजवलं. ज्या रेसकोर्सच्या कडेने तुम्ही चालत आलात, तो त्या बांधामुळे कोरड्या झालेल्या जमिनीवर आहे. हे तिथे उभं राहून समजलं की पुढे मुंबईभर नजर आपोआप जमिनीच्या उतारावर जाते.

हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, म्हणून निघण्याआधी भरती बघायला हवी. आमच्यात रत्नागिरीकडचा एक मुलगा होता. त्याला मोबाईल लागायचा नाही. तिथी विचारायचा आणि वेळ सांगायचा. हिशेब सोपा आहे. शुद्ध असो वा वद्य, तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, तेवढे वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. लहानपणी मासे पकडायला खाडीवर जाताना शिकलेला हा हिशेब त्यानं आम्हा सगळ्यांना शिकवला, आणि आमचे रविवार त्यावर ठरू लागले.

शिवडीला हा हिशेब सगळ्यांत जास्त कामाला आला. हिवाळ्यापासून मेपर्यंत शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. ओहोटी पूर्ण असेल तर ते लांब चिखलात पांगलेले असतात आणि डोळ्यांना फक्त गुलाबी रेघ दिसते. पाणी चढू लागलं की चिखल कमी होतो आणि थवे काठाकडे सरकतात. म्हणून भरतीच्या दोनतीन तास आधी तिथे पोहोचायला हवं, किंवा मग पाणी उतरू लागल्यावर. हार्बर लाईनचं शिवडी स्टेशन, तिथून पुढे पायी. जवळच शिवडीचा किल्ला आहे, तोही बघा. आता त्याच किनाऱ्यावरून अटल सेतू निघतो, २१.८ किलोमीटरचा, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला. पूल डोळ्यांत भरतो, हे खरं. तरी आधी खाली चिखलाकडे बघा.

चर्चगेटचा भाग रविवारी सकाळी बघावा. कचेऱ्या बंद असतात, त्यामुळे वर बघत चालता येतं. चर्चगेट ते मरीन लाइन्स या रुळांच्या पश्चिमेला पूर्वी समुद्रच होता. मरीन ड्राइव्ह आणि तिथल्या गोलाईदार गॅलऱ्यांच्या इमारती नंतरच्या भरावावर उभ्या राहिल्या. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं, टोकदार कमानींचं. पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मध्ये मुलं क्रिकेट खेळत असतात, एकाच मैदानात इतके सामने की कुठला चेंडू कुणाचा ते त्यांनाच ठाऊक.

बाणगंगेला मात्र घाई करू नका. वाळकेश्वरच्या टेकडीवर, समुद्राच्या अगदी जवळ, शिलाहारकाळापासून चालत आलेलं हे तळं, आणि झऱ्याचं पाणी गोडं. बीडची मैत्रीण तिथे पायऱ्यांवर बसली ती उठेचना. तिच्या गावाजवळ बारव होती. पायऱ्यांची रचना, पाणी किती खाली जातं, गाळ कधी काढतात, असले प्रश्न ती पुजाऱ्यांपासून धुणं धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना विचारत होती. आम्ही मुंबईजवळची मुलं तिथे आधी येऊन गेलेलो होतो. यातलं काही विचारायचं असतं हे तिच्यामुळे समजलं. सोलापूरच्या मित्रानं लालबाग-परळच्या कापड गिरण्यांची धुराडी अशीच दाखवली. त्याचं घर गिरणीकामगारांचं, त्यामुळे १८ जानेवारी १९८२ ही संपाची तारीख त्याला वडिलांच्या तोंडून पाठ होती. म्हणून मी म्हणते, सोबत निरनिराळ्या गावची माणसं हवीत.

खर्चाचं विचारता म्हणून सांगते. कॉलेजकडून सवलतीचा अर्ज घेऊन काढलेला लोकलचा पास रविवारीही चालतो. तो जिथपर्यंत नेतो तिथपर्यंत जा आणि पुढचंच तिकीट काढा. शनिवारी रात्री मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी फलाटावर ताटकळायची वेळ येत नाही. उरलेलं अंतर बेस्टच्या बसनं.

पावसाळ्यात फिरणं थांबवू नका, फक्त जागा बदला. दादर-परळजवळच्या हिंदमाताला दरवर्षी पाणी का साचतं ते त्या भागाचा खोलगटपणा बघितला की कळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवसाबद्दल कुठल्याही मुंबईकराला विचारा, तो कुठे अडकला होता ते सांगेल. माहीमहून वांद्र्याला जाताना लागणारा कॉजवे १८४५चा. तो होण्याआधी मधली खाडी होडीनं ओलांडावी लागे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि लोकांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. त्या रस्त्यावरून बस जाते तेव्हा मी अजूनही त्यांची आठवण काढते.

समुद्र हटवणं जुन्या काळातच संपलं, असं समजू नका. वरळी कोळीवाड्यात जा. टोकाला किल्ला आहे, तिथून सी लिंक दिसतो. नवा सागरी किनारा रस्ता या पुलाला जोडताना खांबांमध्ये ६० मीटरचं अंतर ठेवायचं ठरलं होतं. एवढ्या फटीतून होड्या सुखरूप जाणार नाहीत, हे इथले कोळी वर्षानुवर्षं सांगत राहिले, काम अडवून बसले, आणि अखेर होड्यांच्या वाटेवर ते अंतर १२० मीटर करायचं ठरलं. हॉर्नबीच्या बांधाच्या वेळी कुणाचं ऐकलं गेलं असेल, असा विचार तिथे उभं राहिल्यावर येतोच.

कोळीवाड्यात मोठा घोळका घेऊन जाऊ नका, चारपाच जण पुरे. गल्ल्या अरुंद आहेत आणि लोकांची दारं थेट त्यात उघडतात. फोटो आधी विचारून काढा. कुणी मावशी सुकट निवडत बसलेल्या असल्या तर खांबांचं त्यांनाच विचारा. त्या सांगतील ते माझ्यापेक्षा नेमकं असेल.