उलेवोलसेटर अजून लांब आहे

रविवार, १८ जानेवारी, ऑस्लो

आजचा आमचा तिसरा रविवार. उणे सात, पण वारा अजिबात नाही. पाच नंबरच्या मेट्रोने शेवटच्या स्थानकावर, सोंग्नस्वानला उतरलो. डब्यात निम्म्या लोकांच्या हातात स्की होत्या. सहा वर्षं मी या माणसांना नुसतं बघत आले. आता त्यांत आमच्याही चार जोड्या असतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हे सगळं थोरल्यामुळे झालं. गेल्या वर्षी शाळेच्या स्कीच्या दिवसाहून घरी आला आणि म्हणाला, "सगळे जण रविवारी आईबाबांबरोबर जंगलात जातात. आपण का नाही जात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मुलांच्या स्की 'बुआ'तून आणल्या, तिथे खेळाचं सामान फुकट उसनं मिळतं. आम्ही दोघांनी मात्र जुन्या विकत घेतल्या आणि त्यात पहिला रविवार वाया गेला. माझ्या बुटाच्या तळाला एकच रुंद खाच आणि स्कीवरच्या बाइंडिंगला, म्हणजे बूट अडकवायच्या खटक्याला, दोन उभ्या पट्ट्या. बूट बसेचना. अशा दोन वेगळ्या पद्धती असतात हे विकणाऱ्याने सांगितलं नाही, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पैसे देण्याआधी बूट स्कीत अडकवून बघाच, हे मी अगदी कळकळीने सांगते.

माझ्या आताच्या स्कीला तळाशी मधोमध मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची पट्टी आहे. मेट्रोत धाकटीने हातमोजा काढून तिच्यावरून बोट फिरवलं. टोकाकडून मागे नेलं तर मऊ, उलट नेलं तर खरखरीत. "मांजरासारखं!" म्हणाली. अगदी बरोबर. पुढे सरकताना ते केस आडवे झोपतात आणि पाय दाबून मागे रेटला की बर्फात रुततात. म्हणून तर चढावरही मागे घसरायला होत नाही, आणि पकड यावी म्हणून मेण लावत बसावं लागत नाही.

मुलांना काठ्या अजून दिलेल्या नाहीत. काठ्या हातात आल्या की सगळा भार हातांवर जातो आणि पाय तोल शिकतच नाहीत. खरं कसब एका पायावर पूर्ण वजन टाकण्यात आहे. मला ते अजून जमत नाही, मी दोन्ही पायांवर वजन वाटून चालते आणि चालणं चालणंच राहतं, सरकणं होत नाही. वाट मात्र किती निगुतीने तयार केलेली असते! १८८३ साली सुरू झालेली स्कीफोरेनिंगेन ही संस्था या जंगलातल्या वाटा सांभाळते. यंत्राने पाडलेल्या दोन समांतर खाचांत स्की ठेवली की ती इकडेतिकडे भरकटत नाही. पाच वर्षांच्या मुलीच्या आईला हा केवढा आधार!

उलेवोलसेटरच्या झोपडीत गरम बन मिळतात. साडेपाच किलोमीटर, बराचसा चढ. आज गाठायचंच असं मी मनाशी ठरवलं होतं. दीडएक किलोमीटरवर धाकटी थांबली. रडली नाही, नुसती थांबली. माझ्या तोंडावर "अजून थोडंसंच" आलं होतं, पण मागच्या रविवारी तेच म्हणून मी तिला पुढे नेलं आणि येताना ती सगळी वाट रडत आली, ते आठवलं. नॉर्वेच्या डोंगर-नियमांतला आठवा नियम आहे: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. तो वादळात अडकू नये म्हणून केलेला आहे. मी तो आज लेकीसाठी पाळला.

तिथेच बर्फावर बसकर टाकून बसलो. बुधवारच्या संक्रांतीचे लाडू पाठपिशवीत दगड होतील म्हणून मी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवले होते. चांगले मऊ राहिले. कोकोबरोबर दोन-दोन संपले.

परतीचा उतार बेताचाच. धाकटी पुढे होती. एकाएकी तिचा उजवा पाय हवेत राहिला आणि ती डाव्यावर सरकत गेली, दोन मीटर असेल, आवाज न करता. थांबली, मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग स्कीची टोकं बाहेर फाकवून, एकेक पाऊल टाकत तोच उतार परत चढायला लागली.

सहा वेळा चढली. आम्ही दोन मेट्रो सोडल्या.