स्लीप स्टडीची चिठ्ठी: माझा अनुभव

स्लीप स्टडीसाठी, म्हणजे झोपेत श्वास, ऑक्सिजन कसा चालतो ते मोजायच्या तपासणीसाठी, पेशंटला नेणार असाल आणि त्यांना हार्टचा त्रास असेल, तर चिठ्ठीवर नुसतं ‘स्लीप स्टडी’ लिहून आणू नका. ‘हॉस्पिटलमध्ये, रात्रभर, लेव्हल १’ असं डॉक्टरांच्या हातचं, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. लेव्हल १ म्हणजे लॅबमध्ये, देखरेखीखाली, मेंदूच्या लहरींसकट होणारी पूर्ण तपासणी. एवढे शब्द कागदावर नव्हते म्हणून आमचा अख्खा उन्हाळा गेला.

ह्यांना मधुमेह जुना. पुढे अँजिओप्लास्टी झाली, हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं. फाइल ही एवढी जाड, पण त्यात रात्रीबद्दल एक ओळ नाही, आणि त्रास तर सगळा रात्रीचाच. शुगर वाढली की लघवीला सारखं उठायचं. तळपाय जळायचे. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून डोक्याखाली तीन उशा. घोरता घोरता श्वास थांबायचा आणि मी हलवून जागं करायची. हार्टचे डॉक्टर म्हणाले शुगरवाल्यांना विचारा, शुगरवाले म्हणाले हार्टवाल्यांना. शेवटी साताऱ्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गळ्याचा घेर मोजला आणि म्हणाले, “वहिनी, हा स्लीप अ‍ॅप्निया वाटतोय, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार. झोपेत ऑक्सिजन खाली गेला की शरीर ताणाचे हार्मोन सोडतं. त्याने बीपी चढतं, शुगरही चढते. गोळ्या वाढवून भागायचं नाही.”

मग पुण्याचं ते मोठं रुग्णालय. तिथल्या स्लीप लॅबच्या खिडकीवर सांगितलं, फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही, छातीच्या डॉक्टरांची आणा. त्यांची ओपीडी ठरावीक वारीच, आणि तो वार नेमका आदल्या दिवशी होऊन गेलेला. परत स्वारगेट, परत सातारा. पुढच्या खेपेला छातीचे डॉक्टर भेटले, तर त्यांना ताजा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवा. तो काढून दिला. चिठ्ठी घेऊन खिडकीवर गेलो, तर तिथल्या माणसाने घरी न्यायच्या छोट्या मशीनची नोंद करून टाकली. “सगळ्यांना हेच देतो, लॅबला वेटिंग आहे.”

छातीच्या डॉक्टरांनी मात्र आम्हाला नीट समजावलं होतं. हृदय कमजोर असलं की झोपेत श्वास दोन कारणांनी थांबू शकतो. एक, घसा मिटतो म्हणून. दुसरं, श्वास घे हा मेंदूचा निरोपच येत नाही म्हणून. दोन्हींचे उपचार वेगळे. शिवाय घरच्या मशीनवर मेंदूच्या लहरी उमटत नाहीत, त्यामुळे पेशंट खरंच किती वेळ झोपला हेही कळत नाही. ह्यांच्यासाठी लॅबच हवी. हे सगळं मी खिडकीवर सांगितलं. उत्तर आलं, “कागदावर कुठे लिहिलंय?” तोवर डॉक्टर राउंडला निघून गेले होते.

मला अजून राग येतो तो याचाच. रात्र रात्र न झोपलेला हार्टचा माणूस त्या बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेत होता, आणि आत-बाहेर करणाऱ्या एकालाही त्याचं काही वाटलं नाही. कुठली कागदपत्रं लागतात याची एक पाटी भिंतीला लावायला किती वेळ लागतो? सातारा, कराड, वाईहून येणाऱ्याला तेवढंही समजू नये? ओपीडीतल्या सिस्टरांनी मात्र केस पेपर हातात घेतला, डॉक्टरांना गाठून दोन ओळी लिहून आणल्या आणि लॅबला स्वतः फोन केला. तेव्हा कुठे तारीख मिळाली, तीही पुढच्या महिन्याची. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मधल्या काळात नातेवाइकांनी झोपेची गोळी सुचवली. डॉक्टरांनी साफ नको सांगितलं; श्वास अडकतोय त्याला काही गोळ्यांनी गुंगी आली तर श्वास आणखी मंदावतो.

तपासणी एका रात्रीत झाली. डोक्याला तेल लावून जाऊ नका, तारा चिकटत नाहीत. रात्रीच्या गोळ्या, ग्लुकोमीटर आणि स्वतःची उशी सोबत न्या. रिपोर्टमध्ये श्वास तासाला ४१ वेळा अडत होता. ३० च्या वर म्हणजे तीव्र. ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला. सुदैवाने बहुतेक वेळा घसा मिटूनच, त्यामुळे सीपॅप मशीन लागलं; ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. मशीन घेण्याची घाई करू नका. हवेचा दाब आधी तपासून ठरवून घ्या.

आता रात्री एकदाच उठतात. त्यात लघवीच्या गोळीचाही वाटा आहे: ती संध्याकाळी होती, डॉक्टरांनी सकाळी केली. आपल्या मनाने वेळ बदलू नका, पण विचारा जरूर. उपाशीपोटीच्या शुगरमध्ये अजून फरक नाही. आणि मध्यरात्री घामाने अंग भिजलं तर आधी शुगर बघा; ७० च्या खाली असेल तर लगेच साखर द्या. हार्टच्या काही गोळ्यांमुळे धडधड जाणवत नाही, पण घाम सहसा येतो.

आमच्याकडे लाइट जाते, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतलंय.