मधातच काहून थांबते?

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे शेतीची लाईन रात्री बाराला यायची. त्यामुळे हरभऱ्याचं ओलित म्हणजे डोक्याला मफलर, हातात बॅटरी, दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे आणि मधल्या वेळात शेकोटीपाशी बसून मोबाईलवर काहीतरी लावायचं, नाहीतर झोप लागते आन् सकाळी कळते की अर्धं वावर कोरडंच राह्यलं. एका रात्री मी कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन लावलं होतं. बाजूच्या धुऱ्यावरचे काका शेकायला आले, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हा बुवा मधातच काहून थांबते बाप्पा? दम लागते का त्याले?"

मी म्हटलं, हो काका, एक फुप्फुस गेलं होतं त्यांचं. काका म्हणाले, "मंग गाते कसा?"

सांगितलं मग जमेल तसं. मूळ नाव शिवपुत्र कोमकळीमठ, जन्म 8 एप्रिल 1924, बेळगावजवळचं सुळेभावी गाव. लहानपणी ग्रामोफोनवर मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचे, म्हणून कुमार गंधर्व ही पदवी मिळाली आणि तेच नाव झालं. मग मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांकडे शिक्षण, पोरवयातच मैफली गाजवल्या, 1947 मध्ये लग्न. आणि लगेच टीबी. हवा चांगली म्हणून 1948 च्या जानेवारीत माळव्यात देवासला राहायला नेलं, डॉक्टरांनी सांगितलं गायचं नाही. तेव्हा टीबी म्हणजे काय होतं हे आमच्या काकांना सांगावं लागलं नाही, त्यांच्या घरात गेलेलं माणूस आहे. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा आपल्याकडे नुकतंच यायला लागलं होतं, त्याने जीव वाचला, पण पाचेक वर्षं गाणं बंद.

बरेच लोक म्हणतात की फुप्फुस गेलं म्हणून त्यांनी छोट्या छोट्या तुकड्यांत गायला सुरुवात केली. असेलही थोडं. पण मला हे फार सोपं उत्तर वाटतं, दमा तर आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांना आहे, त्यातल्या एकानेही राग नाही केला. मला वाटते खरी गोष्ट त्या खाटेवर झाली. स्वतः गाता येत नाही म्हटल्यावर हा माणूस ऐकत पडला. बाहेर माळव्यातल्या बाया लग्नाची, सणावाराची, पावसाची गाणी म्हणायच्या, नाथपंथी जोगी दारावर कबीर गात यायचे, ते सगळं त्यांनी ऐकलं, स्वरलिपीत उतरवून घेतलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे राग जे आपण उस्तादांच्या घरचे समजतो त्यांचं बियाणं तर इथं आहे. चार-पाच सुरांची साधी धून, तिच्यात राग झाकून ठेवलेला. मग त्यातूनच त्यांनी नवे राग काढले, धुनउगम राग म्हणतात त्यांना: मालवती, लगनगंधार, संजारी, मधसूरजा अशी नावं. बंदिशी तर कितीतरी केल्या, 1965 मध्ये 'अनूपरागविलास' नावाने पुस्तकच निघालं. म्हणजे आजारात गेला तो उत्तम नक्कल करणारा गवई आणि खाटेवरून उठला तो रचनाकार.

1969 मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला त्यांनी गांधीमल्हार नावाचा राग केला, मल्हार म्हणजे पावसाचा राग. सेवाग्राम आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तास, पण गांधी आणि मल्हार असं एका श्वासात कधी डोक्यात आलं नव्हतं. (जुलैत पाऊस दडी मारतो तेव्हा मी तो लावून पाहिला, पाऊस काही आला नाही.) आणि आपल्या मूर्तिजापूरचे कवी अनिल, त्यांची 'अजुनी रुसून आहे' ही कविता चाल लावून कुमारांनीच गायली. हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मूर्तिजापूरचा? मंग आपलाच माणूस." एवढ्यावर त्यांचं आणि कुमारांचं जमलं.

पण माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. आमची हद्द मध्यप्रदेशाला लागून, महादेवाच्या यात्रेला इथून लोक पचमढीला जातात, वाटेने गाणी म्हणत. आमच्या लहानपणी महिनाभर भुलाबाई चालायची, घरोघरी गाणी, शेवटी खिरापत ओळखायची, मी पोरगा असून बहिणीच्या मागे जायचो फक्त खायला. कापूस वेचताना बाया एका सुरात काय काय म्हणायच्या. ते सगळं आपण गाणं म्हणून धरलंच नाही. शास्त्रीय म्हणजे पुण्या-मुंबईचं, आमचं म्हणजे बायकांचं काहीतरी. तिकडे देवासला एक आजारी माणूस असलंच काहीतरी कान देऊन ऐकत होता आणि 1977 ला पद्मभूषण, 1990 ला पद्मविभूषण मिळालं तरी शेवटपर्यंत, 12 जानेवारी 1992 पर्यंत, त्याच गावात राह्यला.

संक्रांतीनंतर एक दिवस मी आजीसमोर मोबाईल ठेवला, म्हटलं आजी महादेवाचं एखादं म्हण. "हे काय रेकाड करायचं गाणं होय का रे?" असं दोनदा म्हणून मग सुरू झाली. आवाज कापरा, पण सूर एकदम जाग्यावर. दोन कडवी झाली आणि मधातच थांबली. मला वाटलं दम घेते आहे, तर पुढचं आठवत नव्हतं. "तुया आत्याले येते पुढचं," म्हणाली.

आत्याला परतवाड्याला फोन लावला. आत्या आधी म्हणाली, कोणाचं काही बरंवाईट झालं का? मग म्हणाली, रात्री कर, आता भाजी टाकली आहे.