लिस्बनच्या ओसिआनारियूतला न दिसणारा पडदा

लिस्बन. मंगळवार, रात्र.

ओसिआनारियू या मत्स्यालयाच्या मधल्या मोठ्या टाकीसमोर उभं राहिलं की समोरचं सगळं पाणी एकच वाटतं. पुढ्यात मुशी संथ फिरत असते, तिच्यामागून पाकट पंख हलवत जातं, आणि त्याही मागे, लांबवर, प्रवाळातल्या माशांचे रंग चमकतात. हे सगळे एकाच समुद्रात राहतात याबद्दल डोळ्याला शंका येत नाही. खरं तर तिथे एक टाकी नाही, पाच आहेत. मधे महासागर आणि चार कोपऱ्यांना चार किनारे. मधे उभे असलेले पारदर्शक पडदे आपल्याला दिसत नाहीत एवढंच. आज वहीत जे टिपलं ते बहुतेक या पडद्यांबद्दलच आहे, कारण या जागेची सगळी अक्कल तिथे एकवटली आहे.

जागेचं थोडक्यात. १९९८ मध्ये लिस्बनला जागतिक प्रदर्शन भरलं. वास्को द गामा कालिकतला पोचला त्याला ५०० वर्षं झाली होती, म्हणून विषय महासागर हा होता. त्या प्रदर्शनासाठी हे मत्स्यालय बांधलं. आराखडा पीटर चेर्मायेफ यांचा. जपानमधल्या ओसाकाचं काइयुकान, १९९० सालचं, तेही त्यांचंच. इमारत तेजू नदीकाठच्या गोदीच्या पाण्यात उभी आहे, आत पुलावरून जायचं. २०११ मध्ये शेजारी नवी इमारत जोडली, तिच्या भिंतींवर खवल्यांसारखी चिनी मातीची पांढरी फरशी आहे. यायला सोपं: विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन, तिसरं स्टेशन ओरिएंते, तिथून नदीच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं चालत.

आपल्याकडे मत्स्यालय म्हटलं की डोळ्यांसमोर तारापोरवाला येतं. १९५१ सालचं, मरीन ड्राइव्हवरचं. ओळीने काचा, प्रत्येक काचेमागे एक-दोन जातींचे मासे आणि खाली नावाची पाटी. माशांची ओळख करून घ्यायला ती पद्धत चांगलीच होती. इथे मांडणी जातींची नाही, किनाऱ्यांची आहे: उत्तर अटलांटिकचा खडकाळ किनारा, दक्षिण ध्रुवाकडचा, समशीतोष्ण पॅसिफिकचा आणि उष्ण हिंदी महासागराचा. प्रत्येक किनारा दोन मजल्यांवर पाहायचा. वरच्या मजल्यावर खडक, पक्षी, पाण्याचा पृष्ठभाग. मग खाली उतरून त्याच जागेचं पाण्याखालचं रूप. वर ज्या खडकावरून पेंग्विन सूर मारतो, त्याच खडकाचं बूड खाली दिसतं. म्हणून वरच्या मजल्यावर घाई करू नये. तिथे नीट पाहिलेलं असलं तर खालचं कळतं.

आता मधली टाकी. पाणी ५० लाख लिटर, खोली ७ मीटर, तळाचं क्षेत्रफळ साधारण १,००० चौरस मीटर, आणि बघायला चार बाजूंना ४९ चौरस मीटरच्या चार खिडक्या. नुसते आकडे वाचून काही डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून हिशेब मांडून पाहिला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ५० लाख लिटरमध्ये ते झाले १७५ टन, म्हणजे दहा टनी ट्रक साडेसतरा. पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं. एवढ्या पृष्ठभागावर पातळी १ सेंटिमीटर उतरली की १० हजार लिटर गोडं पाणी गेलं आणि उरलेलं तेवढं खारट झालं. ते भरून काढायचं गोड्या पाण्यानेच. भरीला खारं पाणी घातलं तर आठवड्या-आठवड्याला क्षार चढत जातात आणि कारण लवकर सापडत नाही. घरी समुद्री टाकी ठेवणाऱ्यांची सुरुवातीची नेहमीची चूक हीच असते, फक्त तिथे हिशेब बादलीचा असतो.

पडद्याकडे येतो. ही काच म्हणजे एक पारदर्शक प्लास्टिक, अ‍ॅक्रिलिक. हवेतून अ‍ॅक्रिलिकमध्ये शिरताना सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी जवळपास ४ टक्के परत फिरतो, म्हणून खिडकीत आपल्याला आपलाच चेहरा दिसतो. पाणी आणि अ‍ॅक्रिलिक मात्र प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, अ‍ॅक्रिलिकचा १.४९, हवेचा १. त्यामुळे पाण्यातून अ‍ॅक्रिलिकमध्ये जाताना परत फिरणारा प्रकाश ०.३ टक्क्यांच्या आसपास उरतो. दोन्ही बाजूंना पाणी असलं की पडदा नाहीसा होतो. एकाच टाकीचा भास होतो तो यामुळे.

दुसरी गोष्ट दाबाची. बघण्याच्या खिडकीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आपण. ७ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे ७ टन भार, म्हणून खिडकीचं अ‍ॅक्रिलिक जाडजूड लागतं. मधल्या पडद्यावर दोन्हीकडून पाणी रेटतं आणि भार एकमेकांत विरतो. पण हे पातळ्या सारख्या असेपर्यंतच. एका बाजूची पातळी १० सेंटिमीटरने खाली गेली की पडद्याच्या पाण्याखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो भार एकाच दिशेने बसतो. दुरुस्तीसाठी एखादा किनारा रिकामा करायचा म्हटलं तर पडद्याला तो सगळा भार एकट्याने पेलता यायला हवा, किंवा दोन्ही बाजू बरोबरीने उतरवायला हव्यात.

तिसरी गोष्ट उष्णतेची. थंड किनारा आणि कोमट पाणी शेजारी ठेवायचं तर पडद्यातून उष्णता झिरपणार. अ‍ॅक्रिलिक इथे कामाला येतं, कारण साध्या काचेच्या मानाने ते उष्णता एक-पंचमांशच वाहू देतं. समजा पडदा १० सेंटिमीटर जाड आहे आणि दोन बाजूंत १० अंशांचा फरक आहे, तर चौरस मीटरमागे १९ वॉट, म्हणजे २० चौरस मीटरच्या पडद्यातून ४०० वॉटसुद्धा नाहीत. घरातली साधी इस्त्री याच्या दुप्पट घेते. पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेला हे काहीच नाही. थंड टाक्यांच्या खिडक्यांवर बाहेरून दव धरत नाही तेही याच गुणामुळे. पातळ काच असती तर सारखं पुसत बसावं लागलं असतं.

पडदा ओळखायचा असेल तर मासे पाहावेत. तारलीचा थवा वळतो ती जागा लक्षात ठेवायची. काहीही आडवं नसताना सगळा थवा एकाच रेषेवर मुरडतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच मुरडतो. ती रेषा म्हणजे पडदा. दुसरी खूण उजेडाची. प्रवाळाच्या बाजूचा उजेड शुभ्र, मधल्या टाकीचा निळसर, आणि या दोहोंमधली हद्द समुद्रात कधी इतकी सरळ नसते. तिसरी खूण वरच्या मजल्यावर: पाण्याची पातळी जिथे पडद्याला टेकते तिथे केसाएवढी चमकदार रेघ दिसते. एकदा दिसली की मग ती चुकत नाही.

पेंग्विनकडे बराच वेळ थांबलो. इथे मॅगेलन आणि रॉकहॉपर जातीचे पेंग्विन आहेत. पेंग्विन सांभाळताना थंडीची काळजी सगळे घेतात, पण खरी मेख उजेडाची आहे. दक्षिण गोलार्धातल्या पक्ष्याचं अंडी घालणं आणि पिसं टाकणं दिवसाच्या लांबीवर चालतं. लिस्बनमध्ये जूनला दिवस सर्वांत मोठा, तेव्हा यांच्या घरी हिवाळा असतो. म्हणून आतले दिवे सहा महिन्यांच्या फरकाने चालवायला लागतात. पिसं टाकायचं वेळापत्रक बिघडलं की पक्षी अर्धवट, ठिगळासारखा झडतो, आणि जुनी पिसं पाणी अडवत नाहीत. पिसं झडतात त्या दोन-चार आठवड्यांत तो पाण्यात उतरत नाही आणि खातही नाही, त्यामुळे आधी त्याच्या अंगावर चरबी साठलेली असायला हवी. दुसरा धोका हवेचा. अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण फुप्फुसात गेले तर पेंग्विन वाचवणं अवघड, म्हणून आतली हवा गाळून, सतत बदलून द्यायला लागते. मुंबईत राणीच्या बागेत २०१६ मध्ये आलेले हम्बोल्ट पेंग्विन सौम्य हवेचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे. तरी गाळलेली हवा त्यांनाही हवीच.

पॅसिफिकच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरं. पहिल्या जोडीची नावं अमालिया आणि युझेबियो, एक फादो ही पोर्तुगीज गाणी गाणाऱ्या अमालिया रोद्रिगेश यांच्यावरून, दुसरं फुटबॉलपटू युझेबियो यांच्यावरून. लिस्बनला याहून जवळची नावं मिळाली नसती. या प्राण्याच्या अंगात सील किंवा देवमाशासारखा चरबीचा थर नसतो. थंड पाण्यात ते जगतं केसांच्या जोरावर: एका चौरस सेंटिमीटरला लाखाच्या वर केस, आणि त्यांत कोंडलेली हवा. ते सारखं अंग घासतं, लोळण घेतं, केसांत फुंकतं, तो खेळ वाटतो, पण ती हवा परत भरायचं काम चाललेलं असतं. म्हणून त्याच्या पाण्यात तेलकटपणा अजिबात चालत नाही. खाऊ घातलेल्या मासळीचं तेल पृष्ठभागावर तरंगलं आणि वेळेवर ओढून काढलं नाही, तर केस चिकटतात, हवा निघून जाते आणि प्राणी थंडीने आजारी पडतो. त्यामुळे पृष्ठभागाचं पाणी सतत बाहेर सांडवून गाळण्याकडे न्यावं लागतं. शरीर उबदार ठेवायला ते रोज आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा खातं. २० किलोच्या मादीला रोज ५ किलो कालवं, कोळंबी, माकूल, खेकडे. मत्स्यालयातल्या महागड्या तोंडांपैकी हे एक.

मासळी गोठवलेली असते, आणि गोठवून ठेवलेल्या मासळीतलं बी-१ जीवनसत्त्व कमी होत जातं. काही माशांच्या अंगात तर ते नष्ट करणारा घटकच असतो. नुसत्या त्या मासळीवर ठेवलेल्या पेंग्विनला काही आठवड्यांत झटके येऊ शकतात. उपाय साधा आहे: माशाचा कल्ला बोटाने उचलायचा, गोळी आत सरकवायची, कल्ला मिटवायचा, आणि तो मासा कोणत्या पक्ष्याने गिळला ते नोंदवायचं. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. गोळी घातलेला मासा दांडगा पक्षी दोनदा पळवतो आणि दुबळा तसाच राहतो.

खाली मधल्या टाकीत पुन्हा मुशी. इथली ही जात, दात बाहेर दिसणारी सँड टायगर, मत्स्यालयात टिकते ती तिच्या संथपणामुळे. ती वर येऊन हवा गिळते आणि ती पोटात धरून पाण्यात तरंगत राहते. तिचे दोन आजार ठाऊक असावेत. एक पाठीच्या कण्याचा: सारखं एकाच दिशेने वळत पोहणं आणि आहारातल्या उणिवा यांच्याशी जोडलेला बाक. दुसरा गलगंड. पाणी स्वच्छ करायला ओझोन सोडतात. तो पाण्यातलं आयोडाइड बदलून टाकतो आणि मुशीला ते वापरता येत नाही. भरीला नायट्रेट साठलं की आयोडीन शोषणं आणखी अडतं. मग गळ्याखाली सूज. आपल्या घरात आयोडीनयुक्त मीठ ज्या कारणाने आलं, त्याच कारणाने मुशीच्या खाण्यात किंवा पाण्यात आयोडीन घालावं लागतं. स्वच्छतेच्या उपायातून आलेला आजार आहे हा, म्हणून लवकर लक्षात येत नाही.

सनफिश इथलं मोठं आकर्षण, आणि माझ्या मते सांभाळायला सर्वांत नाजूक. समुद्रात त्याला भिंत माहीत नसते, तो टाकीच्या कडेला घासतो आणि कातडी सोलून घेतो. काही मत्स्यालयं त्यासाठी भिंतीच्या आत प्लास्टिकचा मऊ पडदा लावतात. दुसरी अडचण वाढीची: कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयात एक सनफिश १५ महिन्यांत २६ किलोवरून ३९९ किलोवर गेला. म्हणून खाणं हलकं आणि मोजून द्यायचं, आणि दुसऱ्या माशांनी पळवू नये म्हणून ठरल्या जागी, ठरल्या खुणेवर त्याला बोलवायचं.

जाणाऱ्यांसाठी. तीन तास हाताशी ठेवावेत. सकाळी शाळांची मुलं असतात, दुपारनंतर शांत. गडद कपडे घालावेत, पांढरा सदरा खिडकीत उमटतो. फ्लॅश बंद, मोबाइलची लेन्स अ‍ॅक्रिलिकला टेकवून आणि सरळ समोरून. तिरकं धरलं की जाड अ‍ॅक्रिलिकमुळे कडा रंगीत आणि पुसट येतात. मासा दिसतो त्याहून दूर आणि लहान असतो, पाण्यातून अंतर पाऊण पटच भासतं. खाली चार खिडक्यांपैकी एक निवडून तिथे वीस मिनिटं बसावं आणि एकाच माशाच्या मागे नजर ठेवावी.

निघायच्या आधी पुन्हा प्रवाळाच्या बाजूच्या पडद्यासमोर उभा राहिलो. उजेड आहे तिथे शेवाळ धरणारच, आणि पडद्यावर शेवाळ धरलं की पडदा दिसायला लागतो, म्हणून तो नेमाने पुसावा लागतो. मऊ फडक्याने, कारण अ‍ॅक्रिलिकवर चरा लगेच उमटतो. एक वाळूचा कण फडक्यात अडकला तरी पुरे. मधल्या टाकीच्या बाजूने पाणबुडा उतरतो, खालून वर पुसत येतो. पण पडद्याची दुसरी बाजू दुसऱ्या समुद्रात आहे. तिथले रोगजंतू, तिथले परजीवी या समुद्रात यायला नकोत. म्हणून पाणबुड्याने वर यायचं, सूट आणि अवजारं धुऊन निर्जंतुक करायची किंवा दुसरी घ्यायची, इमारतीच्या पलीकडच्या बाजूने जाऊन पुन्हा पाण्यात उतरायचं, आणि मघाशी जिथे हात होता, त्याच जागेवर पलीकडून हात ठेवायचा.