नेहमीचा नफा आणि अपवादाचा तोटा

वाईट घटनेचा हिशेब कंपनीने तटस्थपणे मांडला की नाही, हे कशावरून ठरवावे, या विचारात आज दूरसंचार कंपन्यांचे 2019 चे निकाल पुन्हा काढून वाचले. 24 ऑक्टोबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समायोजित सकल महसुलाची, म्हणजे ज्यावर सरकार परवाना शुल्क आकारते त्या ‘एजीआर’ची, दूरसंचार विभागाची व्याख्या मान्य केली आणि व्याज, लाभांश यांसारख्या उत्पन्नावरही परवाना शुल्क लागू ठरले. तिमाही 30 सप्टेंबरलाच संपली होती. तरीही जुन्याच वादाचा निर्णय लागल्यामुळे लेखामानकांनुसार त्याचा भार त्याच तिमाहीवर आला. व्होडाफोन आयडियाचा तोटा 50,921 कोटी रुपये आणि भारती एअरटेलचा 23,045 कोटी रुपये झाला, आणि त्यात या निकालाचा वाटा मोठा होता.

तोपर्यंत वादग्रस्त रकमेचा बराच भाग ‘संभाव्य दायित्व’, म्हणजे कदाचित द्यावी लागेल अशी रक्कम, म्हणून नफ्यातून वजा न होता हिशेबाच्या टिपांमध्ये राहत आला होता. पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा अधिक असेल तरच तरतूद करावी, म्हणजे ती रक्कम खर्च म्हणून नफ्यातून वजा करावी, असे ‘इंड एएस 37’ हे भारतीय लेखामानक सांगते. आणि 2015 मध्ये दूरसंचार लवादाचा कौल बव्हंशी कंपन्यांच्या बाजूने लागला असल्याने तरतूद न करण्याचा कंपन्यांचा हा निर्णय निराधार म्हणता येत नाही. (टिपांची ती बारीक अक्षरातली पाने किती भागधारक वाचतात, हा भाग निराळा.)

मला खटकते ते पुढचे. निकालानंतर ही रक्कम नफा-तोटा पत्रकात ‘अपवादात्मक बाबी’ या ओळीत गेली. अनेक वर्षांची थकबाकी, तिच्यावरचे व्याज आणि दंड एकाच तिमाहीत आल्याने ती वेगळी दाखवणे तुलनेसाठी सोयीचे होते, हे मान्य. परंतु ज्या व्याजावर आणि लाभांशावर हे शुल्क बसले, ते उत्पन्न दरवर्षी नेहमीच्या नफ्यात मिळवले गेले होते, आणि त्याच उत्पन्नावरचा खर्च मात्र अपवाद ठरला. रकमेत एका रुपयाचीही चूक नसताना, केवळ ओळीच्या निवडीमुळे, आधीच्या वर्षांचा नफा होता त्यापेक्षा निरोगी दिसत राहतो. लेखापरीक्षकाला यात आक्षेप घेण्यासारखे काही सापडत नाही, कारण ती ओळ कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मधील नमुन्यातच आहे.

निकाल उलट लागला असता, तर तरतूद न केलेल्या रकमेपुरती टिपेतील नोंद पुढच्या अहवालातून नुसती गळून गेली असती.