तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: 'हेवन अँड हेल'

हेवी मेटल संगीत ऐकणारी चार माणसं एकत्र बसली की चहाचा दुसरा कप यायच्या आत हा विषय निघतो. १९८० ते १९८३ या चार वर्षांतला एकच अल्बम ठेवायचा, बाकी सगळे सोडायचे, तर कुठला ठेवाल? कामावरची नवी मुलं विचारतात, भाचा विचारतो, कॉन्सर्टच्या रांगेत पुढे उभा असलेला अनोळखी मुलगाही माझा टी-शर्ट बघून विचारतो, 'ताई, तुमचा कुठला?' माझं उत्तर कित्येक वर्षांत बदललेलं नाही. ब्लॅक सॅबथचा 'हेवन अँड हेल', एप्रिल १९८०. त्यावर निम्मे जण म्हणतात, 'पण त्यात ऑझी कुठाय?', म्हणजे सॅबथचा आधीचा गायक ऑझी ऑझबर्न, आणि उरलेले आयर्न मेडन या बँडचे चाहते म्हणतात, 'म्हणजे मेडन नाही?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी तो काळ लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये पंकने जुन्या जडशीळ बँडना मोडीत काढलं होतं. पण पबमधून आणि छोट्या हॉलमधून वाजवणारी नवी पोरं जागोजागी उभी राहत होती. मे १९७९मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाने त्या सगळ्यांना मिळून 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' असं नाव देऊन टाकलं. वर्ष पुरं व्हायच्या आत, एकट्या एप्रिल १९८०मध्ये, आयर्न मेडनचा पहिला अल्बम आला, जुडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील' आला आणि 'हेवन अँड हेल'ही आला. जुलैत एसी-डीसीचा 'बॅक इन ब्लॅक', सप्टेंबरात ऑझीचा 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ', नोव्हेंबरात मोटरहेडचा 'एस ऑफ स्पेड्स'. असं पीक एका वर्षात पुन्हा आलेलं मला तरी आठवत नाही.

'बॅक इन ब्लॅक' मी या वादात धरत नाही. फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट गेला आणि पाच महिन्यांत नवा गायक घेऊन त्यांनी असा अल्बम काढला, याबद्दल मनापासून आदर आहे. पण ते रॉक अँड रोल आहे, आणि ते स्वतःही कायम तेच सांगत आले आहेत.

'ब्रिटिश स्टील'ची बाजू घेणाऱ्यांचं मात्र मी नेहमी शांतपणे ऐकून घेते, कारण त्यांच्याकडे मुद्दे आहेत. हा अल्बम रेकॉर्ड झाला टिटनहर्स्ट पार्कमध्ये, म्हणजे एकेकाळच्या जॉन लेननच्या घरी. तेव्हा ते रिंगो स्टारकडे होतं. हवे ते आवाज यंत्रातून काढायची सोय तेव्हा हाताशी नव्हती. म्हणून 'मेटल गॉड्स'मधली लोखंडी पावलं वाजवायला त्यांनी काटेचमच्यांचे ट्रे खळखळवले आणि 'ब्रेकिंग द लॉ'मधल्या काचा फुटण्यासाठी खरोखरच्या दुधाच्या बाटल्या फोडल्या. हेडफोन लावून ऐकलंत तर तो आवाज कसा अंगावर येतो बघा. नावही शोभेचं नाही. गिटार वाजवणारा ग्लेन टिप्टन स्वतः ब्रिटिश स्टील कंपनीत नोकरी करून आलेला, आणि अल्बम आला त्या वर्षाचे पहिले तीन महिने ब्रिटनचे पोलाद कामगार देशभर संपावर होते. चार मिनिटांच्या आत मेटलचं गाणं पुरं करायचं कसं, हे एका अख्ख्या पिढीला या अल्बमने शिकवलं. माझी तक्रार तिथेच आहे. सगळं इतकं नेटकं कापलेलं आहे की गाण्यात हरवून जायला जागाच उरत नाही. आणि 'युनायटेड' हे गाणं मला स्टेडियममधल्या घोषणेच्या पुढे कधी गेलेलं वाटलं नाही.

आता ऑझी. १९७९मध्ये सॅबथने त्याला काढलं, आणि त्याच्या जागी आला रॉनी जेम्स डिओ. तो आधी रिची ब्लॅकमोरच्या 'रेनबो'त गात होता. ऑझीने उत्तर म्हणून 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' काढला, आणि त्यात त्याच्या शेजारी होता गिटारवादक रँडी रोड्स. १९ मार्च १९८२ला फ्लोरिडातल्या लीसबर्गमध्ये छोट्या विमानाच्या अपघातात रँडी गेला, पंचविसाव्या वर्षी. त्याच्याबद्दल बोलणाऱ्यांच्या आवाजात अजूनही हळहळ असते, आणि ती असायलाच हवी. 'मिस्टर क्राउली'मधला त्याचा सोलो ऐकताना मीही हातातलं काम थांबवते. पण त्याच अल्बमवर 'नो बोन मूव्हीज'ही आहे, आणि आपण बोलतोय अख्ख्या अल्बमबद्दल.

हा 'अख्खा अल्बम' माझ्यासाठी महत्त्वाचा का, तर मी ही गाणी भरून घेतलेल्या कॅसेटवर ऐकली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. त्या काळातले अल्बम साधारण चाळीस मिनिटांचे, म्हणजे एका बाजूवर एक बरोब्बर मावायचा. माझ्या कॅसेटच्या एका बाजूला 'हेवन अँड हेल' होता आणि दुसऱ्या बाजूला मेडनचा 'द नंबर ऑफ द बीस्ट'. फॉरवर्ड केलं तर सेल लवकर संपायचे, शिवाय गाणं नेमकं सापडायचं नाही. त्यामुळे कमकुवत गाणंही ऐकलं जायचं, आणि अल्बम कुठे ढिला पडतो ते नीट कळायचं.

'हेवन अँड हेल' ढिला पडतो तो 'वॉक अवे'पाशी. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे वादात कोणी मला ते ऐकवायला नको. आता बाकीच्या सात गाण्यांकडे वळू.

ऑझीच्या काळात सॅबथची गंमत अशी होती की आवाज रिफच्या, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीच्या, मागोमाग चालायचा. 'आयर्न मॅन' आठवा: गिटार जिथे जाते तिथेच गाणारा जातो. त्यात एक भीषण ताकद आहे, मी नाकारत नाही. डिओ आला आणि तो रिफच्या आडव्या दिशेने गायला लागला. खाली गिटार एक वाक्य म्हणतेय आणि वर आवाज दुसरंच. त्यामुळे सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमीला रिफ बांधायची पद्धतच बदलावी लागली. शीर्षकगीतात ते स्पष्ट ऐकू येतं. सुरुवातीचा रिफ भल्यामोठ्या दारासारखा उघडतो, आणि पहिलं कडवं सुरू झालं की आयोमी चक्क बाजूला होतो. उरतो गीझर बटलरचा बेस, एका सुरावर ठोके देत चाललेला, आणि त्यावर डिओचा आवाज. गिटार मधूनच एखादा सूर सोडते, तोही दबक्या आवाजात. विलंबित ख्यालात गवय्याला जसा मोकळा अवकाश मिळतो, तसा इथे डिओला मिळतो, आणि तो घाई करत नाही. शेवटच्या दीडेक मिनिटात लय एकदम द्रुत होते, सगळा बँड सुसाट सुटतो आणि मग ती शेपटाची शांत गिटार. सात मिनिटं. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावलेला माणूस ही गिटार वाजवतोय, हे माहीत असूनही दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

मूळ रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचा शेवट होतो 'लोनली इज द वर्ड'ने. त्यात गाणं थोडं आणि आयोमीचा सोलो फार. मेटल म्हणजे वेग, असं समजणाऱ्यांना मी हे गाणं मुद्दाम ऐकवते. यात वेग अजिबात नाही. एक माणूस गिटारवर आपलं गाऱ्हाणं मांडतोय, आणि बँड त्याला बोलू देतोय.

कव्हरही हातात घेऊन बघण्यासारखं. पंखवाल्या तीन देवदूत स्त्रिया पत्ते खेळत सिगारेट ओढतायत. चित्र लिन कर्लीचं. मेटलच्या कव्हरवर तेव्हापासून आजवर इतकी भुतं-पिशाच्चं आली, पण या तीन बायकांइतकं लक्षात राहिलेलं कोणी नाही. आणि तर्जनी व करंगळी शिंगांसारखी वर करून दाखवायची ती खूण, जी आज कुठल्याही कॉन्सर्टमध्ये पोरं करतात, ती डिओने सॅबथमध्ये आल्यावरच रूढ केली. ऑझी दोन बोटांनी शांतीची खूण करायचा, तिची नक्कल नको म्हणून डिओने आपल्या इटालियन आजीची खूण उचलली. दृष्ट लागू नये म्हणून आजी ती करायची.

मेडनवाल्यांचं म्हणणं सगळ्यात जड, म्हणून ते शेवटी घेतलं. 'द नंबर ऑफ द बीस्ट', मार्च १९८२. नवा गायक ब्रूस डिकिन्सन, ब्रिटनमध्ये थेट पहिला क्रमांक, आणि शेवटी 'हॅलोड बी दाय नेम', ज्याच्यापुढे मीही हात टेकते. फाशीच्या आदल्या घटका मोजणारा कैदी, आणि घंटेच्या पहिल्या ठोक्यापासून वाढत जाणारा तो ताण. एकच गाणं निवडायचं असतं तर मी कदाचित हेच निवडलं असतं. क्लाइव्ह बरच्या ड्रमबद्दल तर स्वतंत्रपणे बोलायला हवं. 'रन टू द हिल्स'ची ती सुरुवात नुसती ड्रमवर ओळखता येते. पण याच अल्बमवर 'गँगलँड' आहे. ते घ्यायचं की 'टोटल एक्लिप्स' घ्यायचं, यात आपली निवड चुकली असं मेडनचा बेसवादक खुद्द स्टीव्ह हॅरिस सांगत आला आहे. २०२२मध्ये चाळिसाव्या वर्षानिमित्त रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा त्यांनी 'गँगलँड' उतरवून त्या जागी 'टोटल एक्लिप्स' घातलं. चाळीस वर्षांनी बँडनेच गाणं बदललं, यावरून काय ते समजा.

माझा खरा मुद्दा वेगळा आहे. माझ्या त्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंचा निर्माता एकच होता: मार्टिन बर्च. पूर्वी डीप पर्पलसोबत काम केलेला, ऑगस्ट २०२०मध्ये गेलेला. 'बीस्ट'चं शीर्षकगीत रेकॉर्ड करताना त्याने डिकिन्सनकडून सुरुवातीच्या ओळी तासन् तास पुन्हा पुन्हा म्हणवून घेतल्या. ब्रूस वैतागला, तेव्हा बर्चने त्याला डिओची गोष्ट सांगितली. 'हेवन अँड हेल' गायला डिओ असाच घाईने आला होता, आणि बर्चने त्याला थांबवून सांगितलं होतं की या पहिल्या ओळीत तुझं सगळं आयुष्य आलं पाहिजे. ही हकिकत डिकिन्सननेच सांगितलेली आहे. 'बीस्ट'मधली ती प्रसिद्ध लांबलचक किंकाळी त्या साचलेल्या वैतागातून बाहेर पडली. म्हणजे मेडनच्या सर्वांत गाजलेल्या अल्बममध्ये गायकासमोर जो मापदंड ठेवला होता, तो दोन वर्षांपूर्वीच्या या अल्बमने तयार केलेला होता. भाच्याला मी हेच सांगते: 'अरे, तुझा अल्बम माझ्या अल्बमकडे बघून घडलाय.'

१ फेब्रुवारी २००८ला मेडन मुंबईत वाजवायला आले, तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानात मी होते. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम, आणि बँडचं विमान चालवत डिकिन्सन स्वतः आलेला. आजूबाजूला नागपूर, पुणे, शिलाँग, बंगळूर, कुठून कुठून आलेली पोरं होती आणि प्रत्येकाला प्रत्येक ओळ पाठ होती. त्या रात्री कोणी मला विचारलं असतं तरी मी 'हेवन अँड हेल'च म्हटलं असतं. मेडनचं प्रेम त्याने कमी होत नाही.

१९८३च्या 'किल एम ऑल'ला पहिला नंबर देणारेही भेटतात. मेटॅलिकाच्या त्या पहिल्या अल्बमने पुढच्या दशकाची दिशा ठरवली, हे खरंच. पण त्याचं मूळ धरून मागे गेलात तर इंग्लंडमधल्या स्टॉरब्रिज नावाच्या गावच्या डायमंड हेड या बँडपाशी पोचाल. त्यांनी १९८०मध्ये आपला अल्बम स्वतःच काढला, कोऱ्या पांढऱ्या कव्हरमध्ये, वर नावसुद्धा नाही. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक १९८१मध्ये पोरवयात त्यांच्यासाठी अमेरिकेहून इंग्लंडला जाऊन थडकला होता. तेव्हा 'किल एम ऑल'वाल्यांनी आधी तो पांढरा अल्बम ऐकावा आणि मग वादाला यावं.

डिओ, आयोमी, बटलर आणि ड्रमर व्हिनी अपीसी पुढे २००६मध्ये पुन्हा एकत्र आले, तेव्हा सॅबथ हे नाव न वापरता त्यांनी बँडचंच नाव 'हेवन अँड हेल' ठेवलं. त्याच नावाने ते २०१०मध्ये डिओ जाईपर्यंत वाजवत राहिले. हातात दुसरी कितीतरी नावं असताना त्यांनी आपली ओळख म्हणून हा अल्बम निवडला. माझ्या बाजूने एवढी साक्ष पुरे.

दुसरा नंबर विचाराल तर तिथे मात्र मेडनलाच देईन, पण 'बीस्ट'ला नव्हे. १९८१चा 'किलर्स', डिकिन्सनच्या आधीचा गायक पॉल डी'ॲनो याच्या खरखरीत आवाजातला. 'रॅथचाइल्ड'चा बेस ऐका आणि मग भांडायला या, चहा मी सांगते.