लेकराचा हात पोचेल तिथं

चिप्ससारख्या खाऊच्या पाच रुपयांच्या पाकिटांची लडी दुकानात कुठं टांगायची, हे माल टाकायला येणारा पोरगा ठरवतो. "वहिनी, लडी पुढं घ्या. लेकराचा हात पोचला पाहिजे," असं तो दर खेपेला सांगतो. त्याला वरूनच तसं शिकवून पाठवलेलं असतं.

बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, आमच्या गावी आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते. टीव्ही आता थोड्याच घरांत चालतो, मोबाइल घरोघरी आहे. व्हिडिओत कुणीतरी पोर पाकीट फोडून आतलं खेळणं दाखवतं, की लगेच आमच्याकडं तेच मागायला लेकरं येतात. ती जाहिरात आहे, हे पहिलीतल्या लेकराला कसं कळणार? भिंगरीसाठी पाकिटावर पाकीट फोडणारी पोरं मी बघते. भिंगरी खिशात जाते, आतलं खाणं शेळीपुढं.

दिवाळीनंतर हे फार वाढतं. टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. बरीच लेकरं आज्जीपाशी राहतात. नातू रडायला लागला की आज्जी चंचीतून पाच रुपये काढते. आज्जी त्याची माय कुठून आणून देणार? आणि जाहिरातीतली आई कायम घरात असते, हसत हसत लेकराला पाकीट फोडून देते. मला याचा फार राग येतो. ज्याची आई फडात मोळ्या बांधतेय त्याला हे चित्र दिवसभर दाखवायचं, आणि त्या आठवणीवर आज्जीचे पैसे काढायचे!

नियम आहेत, मी वाचलेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चिप्स, शीतपेयं असल्या पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमांत किंवा खास मुलांच्या वाहिनीवर करता येत नाही. गरज नसताना भेटवस्तूचं आमिष दाखवून मुलांना खरेदीला लावू नये, असाही त्यांचा रोख आहे. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांत शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळकरी मुलांना विकायला मनाई आहे. आमच्या गावात हे कुणाच्या कानावरही नाही.

लडी मी आत, तेलाच्या डब्यांच्या वर नेलीय. पुढं बरण्या मांडल्यात: फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. गल्ला कमी झालाय, कारण फुटाणे पाकिटांसारखे खपत नाहीत. चिक्की मात्र संपते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत मी ५० मीटरचा नियम वाचून दाखवणार आहे. शाळेसमोरच्या टपरीवाल्या भाऊंशी आधीच बोलले, त्यांचं पोट त्या टपरीवर आहे. आमच्या बचत गटाच्या बाया त्यांना चिक्कीचा डबा उधारीवर द्यायला तयार आहेत, पैसे विकल्यावर.